खळगा, खळी, वण

पाट्याला टाकी लावणारी बाई आमच्या आळीत वर्षातून दोनदा येत असे, एकदा दिवाळीच्या अगोदर आणि एकदा उन्हाळी वाळवणांच्या सुमारास. आणि तिची हाळी कानावर आली की माझी आई स्वयंपाकघरातला पाटा दोन्ही हातांनी उचलून मागील दारच्या पडवीत आणून ठेवी, त्यावर तळहात एकदा उभा नि एकदा आडवा फिरवी आणि "अगदीच गुळगुळीत झालाय बाई, वाटण नुसतं घसरतं त्याच्यावरून," असे, एखाद्या आप्ताच्या खालावलेल्या प्रकृतीविषयी बोलावे तशा स्वरात सांगे. बाई उकिडवी बसे, कडेवरचे पोर शेजारच्या पोत्यावर ठेवी, पदराने नाकतोंड झाकून घेई आणि छिन्नीच्या टोकाने, हलक्या पण एकसारख्या घावांनी, पाट्याच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत ज्वारीच्या दाण्याएवढ्या खाचा ओळीने पाडीत येई. काळ्या फत्तरातून पांढुरकी भुकटी उडे आणि तिच्या मनगटावरच्या काचेच्या बांगड्यांवर बसे. काम आटोपले की आई पुन्हा तळहात फिरवून "इथं राहिलंय," म्हणून एखादी जागा दाखवी, आणि ती जागा पुरी झाल्यावर मूठभर कण्या रगडून ते पहिले वाटण, "वैनी, हे खाऊ नका हं, कच असते," असे बाईने न चुकता बजावल्यामुळे, परसात फेकून देई.

ओबडधोबड दगड सुबक करण्यासाठी पाथरवटाला पैसे द्यावेत हे माझ्या त्या वयातही समजण्यासारखे होते. पण वापरून वापरून आपोआप सुबक झालेला दगड पुन्हा खडबडीत करून घेण्यासाठी पदरचे पैसे का मोजावेत, हे कोडे मला सुटले नाही, आणि आईला विचारले तेव्हा तिला चटणी वाटायची घाई असल्यामुळे तिने उत्तर दिले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी, एका शास्त्रीबोवांकडे न्यायशास्त्राचे पहिले पाठ घेत असताना, तेच कोडे निराळ्या वेषात माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

ज्या पोथीने पाठशाळेत ह्या शास्त्राचा श्रीगणेशा होतो त्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त गुण चोवीस मोजलेले आहेत. कणादाने आपल्या सूत्रात सतरांचीच नावे घेतली होती. प्रशस्तपादाने त्यांत सातांची भर घातली आणि मग ती यादी, सरकारी जाबत्याप्रमाणे, कायम झाली. तीत रूप आहे, रस आहे, गंध आहे, स्पर्श आहे. पीठ मळताना ज्याच्यामुळे गोळा धरतो तो पाण्याचा स्नेहदेखील आहे. परंतु खडबडीतपणा नाही. स्पर्श म्हणून जो गुण आहे त्याचे प्रकार तीनच: शीत, उष्ण आणि शीतही नव्हे उष्णही नव्हे असा तिसरा. म्हणजे टाकी लावलेला पाटा आणि न लावलेला पाटा हे दोन्ही सकाळच्या वेळी सारखेच थंड असतील तर स्पर्शगुणाच्या दृष्टीने त्यांत काहीएक अंतर नाही, असा निवाडा ह्या शास्त्रास द्यावा लागतो. आणि चटणी वाटणाऱ्या कोणाही बाईने तो हसून बाजूला सारावा. अन्नंभट्टाला ही अडचण ठाऊक होती. आपल्याच ग्रंथावर लिहिलेल्या 'दीपिके'त तो मऊपणा आणि कठीणपणा यांविषयीची शंका उपस्थित करतो, की हे तर प्रत्यक्ष अनुभवास येणारे गुण, मग संख्या चोवीसच कशी. आणि एका दमात तिचे निरसनही करतो, की ते स्वतंत्र गुण नव्हेत, वस्तूच्या अवयवांचा तो एक विशिष्ट प्रकारचा संयोग आहे. खडबडीतपणाचे नाव तेथे निघत नाही; पण मऊकठिणाला जो न्याय तोच ह्याला लावण्यावाचून गत्यंतर नाही, असे मला वाटते.

वैद्यांना असे म्हणणे परवडणारे नव्हते. ज्याला गुणाच्या विरुद्ध गुण योजून रोग हटवायचा आहे त्याने खरखरीतपणा हा गुणच नव्हे म्हटले तर त्याने औषध कशावर द्यावे? म्हणून आयुर्वेदाने गुणांच्या दहा जोड्या कल्पिल्या, त्यांत श्लक्ष्ण आणि खर ही एक जोडी घातली, आणि चरकाने वायूच्या लक्षणांत रूक्षतेबरोबर खरत्वालाही स्थान दिले. (श्लक्ष्ण म्हणजे गुळगुळीत. ज्या शब्दावर जीभ तीनदा ठेचकाळते त्याचा अर्थ गुळगुळीत असावा आणि जो विनासायास उच्चारता येतो त्या 'खर' शब्दाचा अर्थ खरखरीत असावा, हा संस्कृत भाषेचा एक विनोदच म्हटला पाहिजे.) जैन आचार्य याच्याही पुढे गेले. त्यांनी स्पर्शाचे आठ भेद मानले, त्यांत कर्कश आणि मृदु, स्निग्ध आणि रूक्ष ह्या जोड्या आल्या. आणि 'तत्त्वार्थसूत्रा'च्या पाचव्या अध्यायात तर परमाणू परमाणूला बांधला जातो तो ह्या स्निग्ध-रूक्षतेमुळेच, असा सिद्धान्त आहे, आणि त्याला जोडून असाही नियम आहे की एकाच जातीच्या आणि सारख्याच अंशाच्या परमाणूंचा परस्परांशी बंध होत नाही. त्या शास्त्रात रूक्ष म्हणजे आपल्या पाट्याचा खडबडीतपणा नव्हे हे मी जाणून आहे. तरीपण ज्याला आपण अंगाला न रुचणारा, दूर सारण्याजोगा स्पर्श समजतो त्याच्यावाचून जगातील कोणतीही वस्तू एकत्र टिकली नसती, असे कोणा एका परंपरेला वाटले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तथापि वादाचा निकाल मला विचाराल तर मी तार्किकाच्या बाजूने उभा राहीन, आणि तो त्याच्या युक्तिवादामुळे नव्हे, आमच्या मराठी भाषेच्या साक्षीमुळे. मात्र त्यासाठी त्याचा संयोग हा शब्द मला थोडा ताणून घ्यावा लागेल. अन्नंभट्टाच्या मनात वस्तूच्या आतल्या अवयवांचा एकमेकांशी संयोग होता; मी त्यात बाहेरून येऊन त्या वस्तूला भिडलेल्या दुसऱ्या वस्तूचाही संयोग धरतो. शास्त्रीबोवांनी ही लबाडी खपवून घेतली नसती.

प्रथम शब्दांचा नाद ऐकावा. सपाट, निर्वेध पृष्ठभागासाठी आपण गुळगुळीत म्हणतो, तुळतुळीत म्हणतो. त्यांत एकच ध्वनी पुन्हा जसाच्या तसा येतो, कारण अशा पृष्ठभागावर बोट पुढे सरकले तरी त्याला पहिल्या ठिकाणी जे भेटले तेच दुसऱ्या ठिकाणी भेटते. आता उलट बाजूचे शब्द पाहा. खडबडीत ह्यात 'खड'च्या पुढे 'खड' येत नाही, 'बड' येतो. ओबडच्या पुढे धोबड येतो. उंचला सखल, खाचेला खळगा, वेड्याला वाकडा. बोट पुढे सरकले आणि अपेक्षित होते ते न भेटता दुसरेच काही भेटले, ही घटना शब्दाने आपल्या अंगावर करून दाखविली. 'खरखरीत' हा शब्द ह्या नियमाला अपवाद वाटेल, पण तो खरोखरी नियमाची परीक्षा पास करणारा शब्द आहे, कारण दोन दिवस दाढी न केलेली हनुवटी, मांजराची जीभ, कानशीचे पाते ह्यांनाच आपण खरखरीत म्हणतो, आणि ह्या सगळ्यांचा काटा एकसारखा असतो. नव्याने टाकी लावलेल्या पाट्याला माझी आई खरखरीत म्हणे. दोन महिन्यांनी, मधला भाग झिजून कडेच्या खाचा तेवढ्या राहिल्या, की त्यालाच खडबडीत म्हणू लागे. हा भेद तिला कोणी शिकविला नव्हता. आणि मध्येच लोंबकळणारा एक 'खरबरीत' आहे, ज्याचा पहिला अर्धा भाग एकाच्या गोटातला आणि दुसरा अर्धा दुसऱ्याच्या, तो कोठे वापरावा हे ज्याला न विचारता कळते त्याची मराठी आईच्या पोटातून आलेली आहे असे खुशाल समजावे.

ही झाली बोटाची भाषा. परंतु ह्याहून खोलातले जे शब्द आहेत ते बोटाला काय लागते एवढेच सांगून थांबत नाहीत; ते पृष्ठभागाला पूर्वी काय लागले ते सांगतात. तांब्याचा हंडा हातून निसटून मोरीच्या दगडावर आपटला आणि त्याच्या पोटाला खळगा पडला तर तो पोचा. पुण्याच्या तांबट आळीत कारागिराने त्याच हंड्यावर हातोडीने ओळीत, एकाशेजारी एक असे शेकडो खळगे उठविले तर ते मठारकाम, ज्याने पत्र्याला चकाकी येते इतकेच नव्हे तर तो ठोकला जाऊन कठीणही होतो. मापाने पाहू गेल्यास एका पोच्यात आणि मठाराच्या एका ठशात फारसा फरक नसेल. पोचा आलेले भांडे मोडीत निघते आणि मठारलेले भांडे लग्नात रुखवतावर मांडतात. गालाला हसताना खळगा पडला तर ती खळी, आणि तिच्यावर कवींनी आपापल्या वकुबाप्रमाणे पुष्कळ शाई खर्चिली आहे. तोच खळगा उपासमारीने पडला तर आपण गाल बसले म्हणतो. वस्तू एक, खोली एक. मात्र तेथे कोण येऊन गेले, हसू की भूक, ह्यावर शब्द ठरतो. म्हणून खाचाखळग्यांचे वर्णन करणाऱ्याला नुसती दृष्टी पुरत नाही, त्याला वहिवाट ठाऊक असावी लागते.

ज्याला वहिवाटीशीच कर्तव्य आहे त्या सरकारी दप्तराने मात्र ह्या बाबतीत एकच शब्द करून आपली सुटका करून घेतली आहे. शेताच्या सातबाऱ्यात जो खडकाळ, खाचखळग्यांचा, नांगर न चालणारा तुकडा असतो त्याची नोंद पोटखराबा ह्या सदरी होते आणि त्यावर आकार बसत नाही. महसुली मराठीत आकार म्हणजे सारा; तेव्हा अशी जमीन दप्तरी शब्दशः निराकार ठरते, आणि ज्या मखलाशीकाराने ती प्रथम तशी ठरविली त्याच्या मनात वेदान्त नव्हता ह्याची मला खात्री आहे. कोकणातले जांभ्याचे सडे मैलच्या मैल ह्याच जातीचे आहेत. जांभा हा जन्मजात सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना इतका नरम की त्याचे चिरे पाडता येतात, आणि वारा लागला की घट्ट होणारा. उन्हाळ्यात सड्यावरून अनवाणी चालणाऱ्याला तो दगड शाप वाटतो. पण मृगाचा पाऊस पडला की त्याच्या लहानमोठ्या खाचांत बोटभर पाणी आणि चिमूटभर माती थांबते, आणि तेवढ्याच भांडवलावर श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुले पसरतात. साताऱ्याजवळचे कासचे पठार ज्या फुलांसाठी नावाजलेले आहे त्यांतलीच ही, आणि त्या जमिनीत पोषण इतके अपुरे की ही वनस्पती बारीक जीव पकडून आपली उपजीविका करते. सडा जर गुळगुळीत असता तर पाणी वाहून गेले असते. आणि रत्नागिरीकडच्या ह्याच सड्यांवर कोणा अज्ञात हातांनी हत्ती, मासे, माणसे अशी प्रचंड चित्रे कोरून ठेविली आहेत, म्हणजे ज्या जमिनीला सरकारने आकार लावला नाही तिला त्या माणसांनी फार पूर्वीच लावला होता.

आता देवाकडे वळतो, कारण ह्या सगळ्या प्रकरणात देवाचा पक्ष काय आहे हे पाहिल्यावाचून विषय पुरा होत नाही. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आपण मुलांना इतक्या वेळा ऐकवितो की तिच्या खरेपणाची चौकशी करण्याचे आपल्याला सुचत नाही. माझी तिच्याविषयी तक्रार अशी आहे की ती दोन्ही टोकांना लंगडी पडते. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या देवी ज्या रूपात पूजिल्या जातात तो तांदळा म्हणजे बहुधा टाकीचा स्पर्शही न झालेला दगड. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, असलेच तर शेंदरावर वरून चिकटविलेले. आणि तो जितका अनघड तितका स्वयंभू म्हणून त्याचा मान अधिक. घडीव मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करावी लागते, तांदळ्याला तिची गरज नसते असे गुरव सांगतो, आणि त्या सांगण्यात धंद्याचा अभिमान असला तरी तत्त्वही आहे: माणसाच्या हाताशी जिचा संयोग झाला त्या मूर्तीला ती आठवण पुसून घ्यावी लागते, तांदळ्याला पुसण्याजोगे काही नाही. दुसऱ्या टोकाला आमचा पाटा. त्याच्याइतके टाकीचे घाव कोणत्याही मूर्तीने सोसले नसतील. मूर्तीला ते एकदाच सोसावे लागतात, पाट्याला वर्षातून दोनदा. आणि एवढे सोसून त्याला मिळाले काय, तर हळद आणि मिरची!

हे वाक्य मी एकदा आईपुढे म्हणून दाखविले, तेव्हा तिने हातातले काम न थांबविता माझी चूक दुरुस्त केली. "आणि पाचवीला काय पुजतात?" बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून त्यावर सटवाईची पूजा होते, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवितात आणि सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. माझा स्वतःचा वरवंटाही बारशाला टोपरे घालून पाळण्याखालून गेला असेल. तेव्हा पाट्याला देवपण येते हे खरे. पण ते एका रात्रीपुरते येते आणि सकाळी तो धुऊन पुन्हा जिरे-खोबऱ्याच्या कामाला लागतो. मूर्तीच्या अंगावरचे टाकीचे घाव शेवटी घासून नाहीसे केले जातात, पाट्याच्या अंगावर ते ठेवण्यासाठीच घालतात. म्हणीतला देव गुळगुळीत होण्यासाठी घाव सोसतो. सटवाईने मात्र आपले बसणे खाचांवर मांडले आहे.

गुळगुळीतपणा म्हणजे शुद्ध, मूळचा, काहीही न घडलेला पृष्ठभाग, अशी जी आपली समजूत आहे तिच्यामुळेच ह्या सर्व म्हणी जन्माला येतात. वास्तविक गुळगुळीतपणा हाही एका दीर्घ संयोगाचा ठसाच आहे. पंचायतनात शिव म्हणून जो बाण ठेवतात तो नर्मदेच्या प्रवाहाने घोटलेला गोटा; त्याला त्या रूपात आणण्यासाठी पाणी आणि वाळू किती काळ त्याच्याशी झटली असेल याचा हिशेब नाही. गंमत अशी की ज्याच्यावर कोणत्याही उपदेशाचा परिणाम होत नाही अशा मनुष्यालाही आपण नर्मदेतला गोटाच म्हणतो. एकाच दगडाला देव्हाऱ्यात बसविणारी आणि शिवी म्हणून वापरणारी ही भाषा विसंगत नाही. पाण्यात अखंड राहून आत थेंबही न घेणे ह्याला एक जण वैराग्य म्हणतो, दुसरा कोडगेपणा म्हणतो, आणि तो गोटा कोणत्या घरी आहे यावर ते ठरते. त्याच्याच शेजारी पंचायतनात विष्णू म्हणून बसतो तो गंडकीतला शाळिग्राम, ज्याच्या पोटी छिद्र असावे, छिद्रात चक्र असावे, म्हणजे तो अस्सल. वज्रकीटाने तो कोरला असे पुराणिक सांगतात. फार पूर्वीच्या समुद्रातील शंखासारख्या प्राण्याचा तो सांगाडा आहे असे भूगर्भवेत्ते सांगतात. कोणाचेही ऐका, छिद्रावरून तेथे पूर्वी कोण राहून गेले याचाच शोध चालला आहे. आणि पंढरपुरास पायांवर डोके ठेवण्याची जी मोकळीक विठोबाने सर्वांना दिली आहे तिच्यापायी मूर्तीची झीज होते, म्हणून लेप देण्याचे काम अलीकडच्या काळात पुनःपुन्हा करावे लागले आहे, अगदी २०२० सालीदेखील. तेथे कपाळे ही टाकी झाली आहेत, इतकेच की त्यांचा घाव गुळगुळीत पडतो.

ह्या दोहोंची, खडबडीत आणि गुळगुळीत यांची, एकाच जागी पडलेली गाठ ज्याला पाहायची असेल त्याने पारनेर तालुक्यातल्या निघोजला जावे. तेथे कुकडी नदीच्या पात्रातून जिल्ह्याची हद्द जाते; अलीकडे निघोज, पलीकडे शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, आणि काठावर मळगंगेचे देऊळ. मी गेलो तो वैशाख होता. पुलावरून खाली पाहिले तेव्हा काळ्या खडकाचा तो सबंध पट्टा असा दिसला की त्याला लावायला मला मराठीत शब्द सापडेना: ओबडधोबड म्हणावे तर त्यात एक प्रकारची शिस्त होती, जाळीदार म्हणावे तर भोके बैलगाडी मावेल एवढी. लोक त्यांना रांजणखळगे म्हणतात, आणि ते नाव किती नेमके आहे हे मला खाली उतरून, एका खळग्याच्या तोंडाशी पालथे पडून, खांद्यापर्यंत हात आत घातल्यावर कळले. वरचा ओठ उन्हाने तापलेला, दातेरी. आणि त्याच्या खाली वीतभर गेल्यावर भिंत एकदम गार, ओलसर आणि कुंभाराने ओल्या हाताने सारखी केली असावी अशी गोल व नितळ, की हाताला कोठे धरायलाच सापडू नये. तळाशी हिरवट पाण्यात सात-आठ गोटे पडले होते, अंड्यासारखे वाटोळे.

ह्याची क्रिया सोपी आहे. पुराच्या पाण्याने वाहून आणलेला धोंडा एखाद्या उथळ खाचेत अडकतो, तेथे पाण्याला भोवरा पडतो, धोंडा जागच्या जागी फिरू लागतो आणि फिरता फिरता खडक घासतो. पूर ओसरला की काम तहकूब, पुढच्या आषाढात पुन्हा चालू. हजारो पावसाळे हे होत राहिले तेव्हा खाचेचा रांजण झाला. पण ह्यात धोंडा तसाच राहत नाही. खळगा करता करता तोही आपले कोपरे गमावून बसतो, आणि शेवटी त्या खळग्याने धोंड्याला घडविले की धोंड्याने खळग्याला, हे सांगता येऊ नये अशी स्थिती होते. तर्कशास्त्रात संयोग हा दोन्ही संयोगींच्या ठिकाणी राहतो असे शिकवतात. शास्त्रीबोवांनी त्यासाठी दोन बोटे एकमेकांना लावून दाखविली होती. आता मला ते उदाहरण आठवले की निघोजचा तळच दिसतो. आणि आणखी एक गोष्ट तेथे ध्यानात आली, जिच्यामुळे खडबडीतपणाला चोवीसांत जागा न देणाऱ्यांविषयी माझा आदर वाढला: पुलावरून जे पात्र सर्वस्वी विषम, तेच हात आत घातला असता सर्वस्वी सम. खडक बदलला नव्हता. मी पुलावरून उतरून त्याच्यापाशी पालथा पडलो, एवढाच काय तो फेरफार.

हा सगळा विचार मला जेथे अडवितो ते ठिकाण आता सांगितले पाहिजे. माझ्या आजीची धाकटी बहीण, जिला आम्ही मावशीआजी म्हणत असू, तिच्या तोंडावर देवीचे वण होते. सहाव्या वर्षी तिला देवी आल्या. घरात फोडणी बंद झाली, दाराला कडुलिंबाचा पाला लागला, तिच्या अंगावरूनही त्याच पाल्याची डहाळी फिरू लागली, आणि चार मोठी माणसे त्या सहा वर्षांच्या मुलीशी अदबीने, चढा शब्द न काढता बोलू लागली, कारण ते बोलणे तिच्याशी नव्हते, तिच्या ठिकाणी उतरलेल्या देवीशी होते. ती वाचली. शीतळादेवीची ओटी भरली गेली. पुढे तिच्यासाठी स्थळे पाहण्याची वेळ आली तेव्हा तिच्या वडिलांनी लिहिलेल्या एका पत्राची नक्कल आमच्या घरच्या जुन्या कागदांत मला सापडली. त्यात मुलगी गृहकृत्यदक्ष, प्रकृतीने निकोप, असा तपशील देऊन झाल्यावर, फरारी इसमाच्या चेहरेपट्टीत लिहितात तशा कोरड्या शब्दांत, तोंडावर वण आहेत, एवढे वाक्य होते आणि त्याच्यापुढे दुसरे काहीही नव्हते. तिचे लग्न उशिरा झाले, बिजवराशी.

वण हा शब्द व्रणापासून आला. व्रण ओला असतो, वण वाळलेला. मराठीने मधला तो खरवडणारा रकार काढून टाकला आणि जखम भरून आल्याचे सांगितले. पण हा वण ज्या संयोगाची आठवण आहे तो संयोग कोणाशी? डॉक्टरांचे उत्तर रोगजंतूशी असे आहे, आणि ते खरे आहे. घरच्यांचे उत्तर देवीशी असे होते. त्या उत्तरामुळे आजारी मुलीवर कोणी खेकसले नाही, तिला कोणी अपशकुनी म्हटले नाही, हे मी त्याच्या जमेस धरतो. आणि देवीचा कोप होईल म्हणून कित्येक घरांनी टोचणाऱ्याला दारातून परत पाठविले आणि पोरे गमावली, हे नावे टाकतो. मुंबईत १८०२ च्या जून महिन्यात हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली, आणि देशातून हा रोग गेल्याचे प्रमाणपत्र मिळाले १९७७ साली. मधल्या पावणेदोनशे वर्षांत ह्या जमाखर्चाची बाकी कोणत्या बाजूला पडते हे मला नक्की करता आलेले नाही. आपल्या भाषेने मात्र एक चमत्कारिक तडजोड केली. रोग झाला तर देवी आल्या म्हणायचे, आणि रोग होऊ नये म्हणून टोचून घेतले तर देवी काढल्या म्हणायचे. दोन्हीकडे देवी तीच, आणि खाचही तीच, एवढेच की दुसऱ्या प्रकारात ती माणसाने हाताने, जागा पाहून, मोजून पाडलेली असते.

माझ्या दंडावर तशी एक आहे, पैशाएवढी, तळाला बारीक सुरकुत्या असलेली.

मी पाच-सहा वर्षांचा असेन. टाकीवाली नुकतीच गेली होती, पाटा अजून पडवीतच होता, मी त्यावर हात फिरवीत बसलो होतो आणि मावशीआजी शेजारी शेंगा निवडीत होती. मी एकदा पाट्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिले आणि, नवा शब्द सापडलेल्या मुलाच्या आनंदाने, मोठ्याने म्हणालो, "मावशीआजी, तुझं तोंड पाट्यासारखं खरखरीत आहे." आतून आई धावत आली. तिचा हात वर गेलेला मला दिसला. मावशीआजीने तो मध्येच धरला आणि ती इतकी हसली की मांडीवरचे सूप कलंडले. "मग वाट की त्याच्यावर चटणी!" असे म्हणून तिने मला जवळ ओढले, सदऱ्याची बाही वर केली, माझ्या दंडावरच्या त्या खळग्यात आपल्या करंगळीचे टोक बसवून पाहिले, आणि म्हणाली, "तुझं एवढ्यावरच भागलं रे."